तेल टाकलं

आमच्या जिनिंगमध्ये गाठी दाबायच्या प्रेसच्या पंपात घालायचं तेही तेल आणि फोर्कलिफ्टच्या ब्रेकमध्ये घालायचं तेही तेलच. बोलताना कुणी वेगळं नाव घेत नाही. मशीनची देखभाल माझ्याकडे, त्यामुळे दोन्ही डबे माझ्याच ताब्यात. कोणत्या डब्यात काय, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. म्हणून चुकून झालं, असं मला म्हणता येत नाही.

कापसाचा हंगाम भरात होता. रुईच्या गाठी उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर नाचणगावचा, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठा. एका सकाळी म्हणाला, "मिस्त्री, पेडल नरम लागून राह्यलं. दोनदा दाबलं का मंग धरते."

ब्रेकचं पेडल नरम लागलं की आधी तेल बघायचं, ते कुठून गळतं ते शोधायचं आणि शेवटी नळीतली हवा काढायची. तेल कमी होतं. मास्टर सिलिंडरखाली ओल होती, म्हणजे आतलं रबर झिजलेलं. नवं रबर वर्ध्याहून आणायचं म्हणजे अर्धा दिवस गाडी उभी. ब्रेकच्या तेलाचा डबाही रिकामा झालेला. बाहेर ट्रक खोळंबले होते, मॅनेजर दोनदा दारातून डोकावून गेले होते. मी प्रेसचा डबा उचलला आणि ब्रेकच्या टाकीत ओतला. त्या तेलानं ब्रेकचं रबर फुगतं, हे मी स्वतः चार जणांना शिकवलेलं आहे. थोडंच तर आहे, उद्या धुऊन काढू, असं मनाशी म्हटलं.

"तेल टाकलं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"टाकलं."

दुसऱ्या दिवशी गळती थांबली. रबर फुगून फट बुजली होती, एवढंच. पण ड्रायव्हर खूश झाला. सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्रीनं हात लावला का गाडी सुधरते! उद्या माही बुढी आणतो, तिचे गुडघे बी पाहून देजो."

सगळे हसले. मीही हसलो. धुऊन काढायचं राहून गेलं.

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. "गाडी मोकळी पळत नाई. चाक बी तापून राह्यलं."

तेव्हा तरी मी गाडी थांबवायला हवी होती. फुगलेलं रबर तेल मागे येऊ देत नाही, ब्रेक अर्धवट लागलेलेच राहतात, तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. मला हे कळलं होतं. तरी मी म्हणालो, "भाऊ, तुमी माल जास्त उचलता."

त्याच दुपारी गाडी गाठींच्या थप्पीकडे वळली आणि थांबलीच नाही. थप्पीला धडकली. वरची गाठ घसरली आणि खाली उभ्या असलेल्या हमालाच्या पायावर पडली.

सगळे त्याला घेऊन दवाखान्यात धावले. मी मागे राहिलो. मास्टर सिलिंडर खोललं तर रबर भिजलेल्या चण्यासारखं टम्म फुगलेलं. ते मी खिशात टाकलं. कुणाला न सांगता वर्ध्याहून नवं रबर आणि ब्रेकचं खरं तेल आणलं, रातोरात ब्रेकची सगळी लाइन धुतली, हवा काढली. दुसऱ्या सकाळी मॅनेजरांनी स्वतः पेडल दाबून पाहिलं. पहिल्याच दाबाला गाडी जागच्या जागी थांबली.

"ब्रेक तर चांगला आहे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "तुझाच पाय उशिरा पडला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी दाबला होता ना, मिस्त्री?"

"घाईत समजत नाई, भाऊ," मी म्हणालो.

त्याला गाडीवरून काढून झाडझुडीला लावलं. महिन्याभरात तो स्वतःच यायचा बंद झाला.

हमालाचा पाय जुळला, पण तो ओढत चालतो. त्याला गेटवर बसवलं आहे. रोज मला रामराम करतो.

उन्हाळ्यात ड्रायव्हर मला पुलगावच्या बाजारात दिसला, शेतातली वांगी घेऊन बसलेला. नेहमीची मोटारसायकल कुठे, म्हणून मी सहज विचारलं. त्यानं उजव्या मांडीवर थाप मारली. "विकली. या पायाचा भरोसा नाई राह्यला मले. एका माणसाले लंगडा केला यानं."

मी वांगी घेतली आणि घरी आलो. ती भाजी मला गिळवली नाही.

पुढच्या बाजाराला ते रबर घेऊन गेलो. त्याच्या हातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो अंगठ्यानं ते दाबत राहिला.

"म्हंजे मी दाबला होता."

"दाबला होता."

"टायमावर?"

"टायमावर, भाऊ."

मधेच एक बाई आली. त्यानं तिला किलोभर वांगी मोजून दिली, वर दोन मिरच्या टाकल्या. ती गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले काऊन सांगून राह्यला? मले त मालूमच होतं. तूच मले भुलवलं. ज्याचा पाय गेला त्याले सांग. मॅनेजरले सांग." मग रबर माझ्या हातात परत कोंबलं. "अन् हे घेऊन जाजो. नाईतर मानतीन नाई."

दुसऱ्या सकाळी मी मॅनेजरांच्या टेबलावर ते रबर ठेवलं. गेटवरच्या हमालालाही आत बोलवा, म्हणालो. तो पाय ओढत आला, सवयीनं मला रामराम केला.

"त्या वेळी ब्रेकमध्ये मी तेल टाकलं होतं," मी म्हणालो. आणि कोणतं, ते सांगितलं.