चारचाकी फटफटी आणि पहिली आरोळी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर मोहल्ल्यात, माझ्या गाडीच्या नावाने बोंब मारली गेली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल साबणाचा, अर्धा मोकळा. तसाच खिडकीशी गेलो. बाहेर नारबोद चालली होती. मातीच्या तोंडाची, पळसाच्या डहाळ्यांची, फाटकं सूप कमरेला बांधलेली ती बाई आम्ही बालाघाटवाले दरवर्षी गावाबाहेर नेऊन टाकतो, आणि जाताना तिच्याबरोबर खोकला, खरूज, ढेकूण, डास सगळं पाठवून देतो. कुणी काय पाठवायचं ते ओरडून सांगायचं, बाकीच्यांनी मागून री ओढायची, "घेऊन जाय गे नारबोद!"

आमच्या मोहल्ल्यात आणखी एक रीत होती. ज्याची गाडी नारबोद ओढेल, पहिली आरोळी त्याची. त्या वर्षी जीप कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याची होती. माझ्या दारासमोर त्याने जीप मुद्दाम हळू केली, खिडकीतून मान काढली आणि म्हणाला,

"सरच्या फटफटीचं भंगार..."

"घेऊन जाय गे नारबोद!" शंभर तोंडं.

त्यात माझे विद्यार्थी होते. शेजारी होते. ज्यांच्या मुलांना मी प्रॅक्टिकलला मार्क मिळवून दिले होते, ते बापही होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला वस्तरा मी बेसिनमध्ये आपटला, त्याचं पातं वाकलं. ते पातं मी टाकलं नाही. पुढचं वर्षभर ते माझ्या हत्यारांच्या पेटीत होतं, पेटी उघडली की पहिलं तेच दिसावं म्हणून.

आता गाडीचं सांगतो. मी सरकारी शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. माझा मामेभाऊ मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर एका कंत्राटदाराकडे स्टोअर सांभाळत असे. तिथे आलेल्या एका परदेशी इंजिनीअरने स्वतःच्या मौजेसाठी एक क्वाड आणली होती. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, एकाच माणसापुरती सीट आणि टू-स्ट्रोक इंजिन. शर्यतीची चीज, तेव्हाच दहा-बारा वर्षं जुनी. साहेब मायदेशी गेला, गाडी गेस्टहाउसच्या मागे गंजत पडली आणि शेवटी ट्रकवर लादून माझ्या अंगणात आली. बायको म्हणाली, "हे काय आणलं तुमी? ना बैल, ना गाडी." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तोवर मी अख्ख्या आयुष्यात लुना सोडून काही चालवलं नव्हतं, आणि ही गाडी पाहिल्यावर मला अठरा वर्षांचा झाल्यासारखं वाटत होतं.

इंजिन जाम होतं. मी ती कोपऱ्यावरच्या गॅरेजात दिली. तिथे ती आठ महिने राहिली. शाळेतून येता-जाता विचारायचो, तो म्हणायचा, "करून राह्यलो, भाऊ." शेवटी एके दिवशी माझं पित्त खवळलं. त्याच्या दहा गिऱ्हाइकांसमोर मी त्याला नको ते बोललो. तुला टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकमधला फरक तरी कळतो का, असंही बोललो. दुसऱ्या दिवशी गाडीचा सांगाडा सीटसकट माझ्या दारात आणि इंजिन दोन पोत्यांत.

पोती रिकामी केली तेव्हा लक्षात आलं, सीडीआय नाही. म्हणजे इग्निशनचा तो काळा डबा, साबणाच्या वडीएवढा. तो नसेल तर प्लगला ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही म्हणजे गाडी नाही. मी परत गेलो.

"डबा कुठं आहे?"

"मले काय विचारता? गाडी तुमची, तुमीच पाहा."

एवढंच बोलून तो जीपखाली सरकला. त्याचे नुसते पाय दिसत राहिले. चोर! मी त्या दिवशी ठरवून टाकलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी पोळा आला आणि ती आरोळी आली.

मला गाडी चालवायची हौस होती ती त्या सकाळी संपली. नंतर मी जे केलं ते सगळं एका सकाळसाठी केलं. पुढच्या नारबोदेला माझी गाडी पुढे असणार आणि पहिली आरोळी माझी असणार. काय ओरडायचं तेही ठरलं होतं.

शाळेने टाकून दिलेल्या चिनी मातीच्या वाट्या मी घरी आणल्या. एकेका वाटीत एकेका जागेचे नटबोल्ट, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी. सिलिंडर आतून ओरबाडलेला होता. त्याच्या मापाचा पिस्टन देशात मिळणार नव्हता, म्हणून गोंदियाच्या एका लेथवाल्याकडून सिलिंडरमध्ये नवं लायनर, म्हणजे आतलं लोखंडी अस्तर, ठोकून घेतलं, आपल्याकडच्या जुन्या अडीचशे सीसी मोटरसायकलच्या पिस्टनला बसेल असं. पिस्टनच्या पिनेला बुश करून घेतला. पण टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात, पेट्रोल आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या. लायनर कोरं होतं. लेथवाला म्हणाला, खिडक्या तुमच्या तुम्ही कापा, मी जबाबदारी घेत नाही.

मी घेतली. लायनर ठोकायच्या आधीच जुन्या सिलिंडरमध्ये कागद गुंडाळून, बोटाला काजळी लावून आतून घासला होता. खिडक्यांच्या कडा कागदावर उमटल्या होत्या. तो कागद समोर ठेवून मी पाच रविवार कानशी चालवली. कानशीच्या प्रत्येक फटक्याला मी तोंडाने एक शब्द म्हणत असे. बायकोला आधी वाटलं स्तोत्र म्हणतो आहे. जवळ येऊन ऐकल्यावर तिने कपाळावर हात मारला.

"काहून जीव जाळून राह्यले? सोडा ना आता."

"सोडतो. एकदा मोहल्ल्यात त्याचं नाव निघू दे."

खिडक्या बरोबर कापल्या, पण रागाच्या भरात कडा गोल करायला विसरलो. पहिल्यांदा किक मारली, पिस्टनची रिंग खिडकीच्या धारेत अडकली आणि काडकन तुटली. दोष माझा होता. तरी मी शिव्या त्यालाच घातल्या. तुटलेली रिंग वस्तऱ्याच्या पात्याशेजारी ठेवली.

पुन्हा उघडलं, कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या, पुन्हा बसवलं. डब्याच्या जागी एका स्कूटरचा सीडीआय लावला, तारा जोडून जोडून जमवला. ठिणगी यायची, पण मनाला येईल तेव्हा. गाडी शर्यतीची, तिला ओझं ओढायची सवय नाही, म्हणून मागचं दात्यांचं चक्र मोठं करून घेतलं. वेग गेला, ताकद आली. मागे हूक वेल्ड केला. पुढचे टायर कुजले होते, तिथे ऑटोरिक्षाची चाकं बसवली. एअर फिल्टर उंदरांनी खाल्ला होता, तिथे भांडी घासायचा स्पंज जाळीत कोंबला. रूप असं झालं की साहेबाने ओळखलं नसतं. मला ती सुंदर दिसायची.

आणि हे सगळं चाललेलं असताना वर्षभर मी आणखी एक काम नेमाने केलं. पानठेल्यावर, दळणाच्या चक्कीवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, जिथे दोन माणसं भेटतील तिथे सांगितलं, की गॅरेजवाल्याने माझा डबा चोरला. वाक्य तेच, पण सांगताना आवाज खाली आणायचो. त्यामुळे लोकांचा विश्वास बसतो. त्याच्याकडे जाणाऱ्या गाड्या कमी झाल्या. येता-जाता मी त्या मोजायचो.

पोळ्याच्या चार दिवस आधी सीट नवी करायला दिली. सीटवाल्याने फाटकं रेक्झिन सोलून काढलं, खालचा जुना फोम उचलला आणि म्हणाला, "सर, ये क्या है?"

फोममध्ये चौकोनी खाच कापली होती. खाचेत सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळलेलं, सुतळीने दोन्हीकडून बांधलेलं काहीतरी. मी सुतळी सोडली. काळा डबा. कोरडा ठणठणीत.

पाण्यापासून आणि उंदरांपासून वाचावा म्हणून कुणीतरी तो फार नीट ठेवला होता. चोर चोरीचा माल मालकाच्याच सीटखाली बांधून ठेवत नसतो, एवढं विज्ञान शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. त्याने सांगितलं का नाही? मी दहा माणसांत त्याची अब्रू काढली होती, म्हणून. गाडी तुमची, तुमीच पाहा, असं तो म्हणाला होता. मीच पाहिलं नव्हतं.

घरी येऊन डबा टेबलावर ठेवला. बायकोने तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"सापडला ना? मंग आता तरी गप राह्यसान ना तुमी?"

"पाहू."

मी पाहिलं नाही. डबा कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवला. गाडीलाही लावला नाही, लावला असता तर लोकांना दिसला असता. स्कूटरचाच राहू दिला. ते चार दिवस मी मनाला सांगत होतो, डबा जाऊ दे, पण आरोळी तर त्याने मारलीच होती ना? शंभर माणसांत माझा पाणउतारा झालाच होता ना? हे खरंच होतं, आणि तेवढ्यावर मी तगलो.

नारबोदेच्या सकाळी तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. अंगणातून बाहेर काढली तेव्हा मोहल्ला धावत आला. म्हाताऱ्यांनी नारबोदेचा ठेला माझ्या हुकाला बांधला. बायको दारात आली नाही. मी नव्या लाल सीटवर ताठ बसलो आणि गॅरेजसमोर गाडी हळू केली, बरोबर त्याने केली होती तशी. तो दारात उभा होता, हात बनियनला पुसत. मी घशाच्या शिरा ताणून ओरडलो,

"डबाचोराले..."

"घेऊन जाय गे नारबोद!"

शंभर नव्हे, दोनशे तोंडं असतील. कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही, वर्षभर मी तेच केलं होतं. सगळे त्याच्याकडे पाहून हसले. मलाही हसू आलं, पोटातून आलं, आणि खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं गोड मला फार थोड्या वेळा वाटलं आहे.

तो पुढे आला. मला वाटलं मारतो आता. त्याने कान इंजिनाकडे केला, क्षणभर ऐकलं आणि गर्दीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "हवा जास्त घेऊन राह्यली, भाऊ. मोठा जेट टाका, नाई तं पिस्टन धरंल." आणि आत गेला. शटर अर्धं खाली ओढल्याचा आवाज आला.

वेशीवरून परतताना इंजिन इतकं तापलं की सीटखालून चटका बसत होता. घरी येऊन प्लग काढला, पांढराफटक. त्याचं बरोबर होतं. स्पंजाच्या फिल्टरने हवा जास्त जात होती, आणखी एक फेरी मारली असती तर वर्षाची मेहनत जाम झाली असती. मी गोंदियाहून कार्बुरेटरचा जास्त पेट्रोल सोडणारा मोठा जेट आणला, कुणाला न सांगता लावला. त्या जेटवर गाडी पुढे नऊ वर्षं चालली.

मला वाटलं होतं हिशेब फिटला. पण पुढच्या वर्षी नारबोद दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढली, मी घरीच होतो, आणि खोकला झाला, खरूज झाली, डास झाले, आणि मग कुणीतरी आपणहून ओरडलं, "डबाचोराले!" त्याच्या पुढच्या वर्षीही. शब्द तोंडात बसला होता, ओरडायला बरा होता. माझ्या फटफटीची आरोळी एका वर्षात विरली होती. ही विरेना. ज्यांना डबा म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं ते गॅरेजसमोर थांबून ओरडत. तो त्या दिवशी शटर उघडेनासा झाला. पहिल्या वर्षी मला आनंद झाला होता. दुसऱ्या वर्षी मी रेडिओ मोठा केला.

सहा-सात वर्षांनी, पोळ्याच्या संध्याकाळी, मी अंगणात गाडी पुसत असताना तो फाटकाशी आला. केस पिकले होते. आत ये म्हटलं तर आला नाही.

"एक विचारू काय, भाऊ? तो डबा तुमाले भेटलाच नाई काय? मी सीटीत ठेवलता. ट्यूबमंदी बांधून. उद्या पुन्हा वरडतीन, म्हून आलो. आता मलेच वाटते, का ठेवलताच नाई? का दुसऱ्याच्या गाडीत गेला मह्या हातून?"

कपाट दहा पावलांवर होतं. स्वेटर बाजूला करायचे, बस. ओट्यावर बायको तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"सीट मी कधी उघडलीच नाही," मी म्हणालो.

आम्हा दोघांच्या मध्ये गाडी उभी होती. त्याने सीटकडे पाहिलं. लाल रेक्झिनवर मी नुकताच ओला फडका फिरवला होता, ते चकाकत होतं. त्याने ही गाडी आठ महिने सांभाळली होती. मूळची सीट काळी होती.

"हौ," तो म्हणाला, आणि फाटक नीट लावून गेला.