टोपलीबाहेरचा कागद

चादरबाई हे नाव तिला मुख्याध्यापकांनीच ठेवलं होतं, तेही शिक्षकखोलीत, तिला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात बावीस वर्षं खोल्या आवरून ती गावी परतली आणि शाळेमागच्या अडगळीच्या खोलीत दोन पलंग टाकून मुलींना हॉटेलकाम शिकवू लागली. त्या खोलीवर मुख्याध्यापकांचा डोळा होता. त्यांना तिथे स्वतःसाठी बैठकीची खोली हवी होती. बाईही काही कमी नव्हती. ते दारातून जायला लागले की मुद्दाम फटकन चादर झटकायची. साहेब दचकायचे, मुली तोंड दाबून हसायच्या.

शिकवताना तिच्या नाकावर राग असे. कोपऱ्याची घडी चुकली की अख्खा पलंग विस्कटायची. "पुन्हा!" मुली मनात तिला शिव्या घालत आणि हातानं चादर घालत. पण दोन वर्षांत त्या तयार झाल्या होत्या, हे तिला नाकारणाऱ्यालाही दिसत होतं.

वर्ग कायम करायचा की बंद, हे ठरवायला एक दिवस तपासणीच्या मॅडम आल्या. परीक्षा म्हणून मुलींना मुख्याध्यापकांचंच ऑफिस आवरायला दिलं. सकाळीच साहेबांनी एक पत्र खरडून पक्कं केलं होतं, आणि कच्चा कागद चुरगळून टेबलावरच टाकला होता. आता हॉटेलात एक नियम असतो: टोपलीत पडला तोच कचरा. बाहेरचा कसलाही कपटा पाहुण्याचा माल. वर्गातल्या सगळ्यात गरीब मुलीनं तो कागद तळव्यानं सरळ केला आणि खुर्चीसमोर पेपरवेटखाली नीट ठेवला.

त्या खुर्चीत मॅडम बसल्या. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "मुली केवळ चादरी झटकतात. सदर वर्ग बंद करून खोली कार्यालयास मिळावी."

मुख्याध्यापक मुलीच्या अंगावर धावले. "अक्कल गहाण ठेवलीस का? चुरगळलेला कागद फेकायचा असतो!"

"टोपलीत नव्हता, सर."

"तू वाचलास?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. पाहुण्याचं वाचायचं नसतं."

मॅडमनी तिथेच शेरा मारला: वर्ग कायम. बाईला इतका आनंद झाला की तिला तो लपवताच येईना.

"पण कायम वर्गाला प्रमाणपत्रवाली शिक्षिका लागते," मॅडम म्हणाल्या. "तुमचं शिक्षण?"

"सातवी. आणि बावीस वर्षं हात झिजवलेत."

"ते नियमात बसत नाही हो. याच वर्गाचं वर्षाचं प्रमाणपत्र घ्या, मग बघू. तोवर दुसरी शिक्षिका पाठवते."

मुख्याध्यापकांचा चेहरा असा खुलला की बघवेना. त्यांनी स्वतः कपाटातून प्रवेशअर्ज काढला. "घ्या बाई. बसा आता बाकावर. पुढेच बसा हं, चष्मा आहे तुम्हाला."

मुलींनी माना खाली घातल्या. बाई अर्ज फाडणार, असंच सगळ्यांना वाटलं. तिनं खुर्ची ओढली, बसली आणि लिहू लागली. वय एक्कावन्न. शाळा सोडून अडतीस वर्षं. 'पालकाची सही' या रकान्यावर तिनं अशी काट मारली की कागदाला भोक पडलं.

मग अर्ज तिनं मुख्याध्यापकांकडे सरकवला.

"पोच द्या," ती म्हणाली. "शिक्क्यासकट."