गंगाधरचं प्यादं

शालिग्राम लांजेवार जिंकत आले की समोरच्यानं घड्याळाकडे बघायला लागावं, अशी त्यांची खेळायची तऱ्हा. डाव खिशात आलेला असे, समोरचा राजा उघडा पडलेला असे, त्याच्या आसपास एखादं केविलवाणं प्यादं तेवढं उरलेलं असे, आणि हे गृहस्थ त्या प्याद्याला हात लावत नसत. त्याला वळसा घालून, लांबून लांबून फेऱ्या मारून राजाला कोंडीत पकडत. यात दयामाया काही नव्हती. तुमसरला वडिलांनी त्यांना जो देशी खेळ शिकवला त्यात नियमच तसा होता. समोरच्याचं सगळं सैन्य मारलं आणि राजा एकटा उरला, की झाली बुर्जी. डाव बरोबरीत. मग तुमच्यापाशी वजीर असो नाहीतर दोन हत्ती, काही उपयोग नाही. जिंकायचं तर समोरच्याचा एक तरी मोहरा जिवंत ठेवून मात द्यायची, आणि ती मात आपल्या प्याद्यानं दिली तर पुढे आठवडाभर तोऱ्यात फिरायचं.

लांजेवार रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. नोकरी सगळी शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना गप्पांची हौस होती असं नाही. हौस होती ती गंगाधरसोबत खेळायची. गंगाधर कावळेचं रायपूरच्या पुरानी बस्तीत लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. दर रविवारी दुपारी दुकान बंद, आणि दुकानामागच्या ओसरीत पट मांडलेला. प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालवायचं, राजाला हत्तीमागे दडवायचं, हे जगाचे नियम दोघांनी कधीच मान्य करून टाकले होते. बुर्जी मात्र त्यांनी सोडली नाही. तेवढं एक आपलं असू द्यावं, असं दोघांचं म्हणणं.

दिवाळीच्या आधी गंगाधर गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपला. लांजेवार स्मशानात गेले, तेरवीला जेवले, सगळं रीतसर केलं. त्यानंतरच्या रविवारी दुपारी ते सवयीनं चप्पल घालून फाटकापर्यंत गेले आणि तिथून परत आले. घरात येऊन पंख्याखाली बसून राहिले. त्यांना फार एकटं वाटत होतं. तसं म्हणायची मात्र त्यांच्याकडे पद्धत नव्हती.

"टीव्ही लावू का?" वनमालाबाईंनी विचारलं.

"नको. तूच बस नं पटावर."

"मले त्या लाकडाच्या घोड्यात काई रस नाई," बाई म्हणाल्या आणि गहू निवडायला बसल्या. हे त्या लग्नापासून सांगत आल्या होत्या.

शेवटी त्यांच्या मुलीनं, कौमुदीनं, तोडगा काढला. ती शंकर नगरात राहायची, सरकारी हपिसात कामाला होती आणि आईबापांशी बोलताना मराठीनं सुरुवात करून हिंदीत शेवट करायची. तिनं बाबांच्या मोबाइलवर बुद्धिबळाची एक भलीमोठी साइट उघडून दिली. "बघा बाबा, पूरी दुनिया खेल रही है इसमें. आता गंगाधर काकांसारखं कोणी ना कोणी मिलेगाच."

दुनिया खेळत होती, यात शंका नव्हती. पण दुनियेला फार घाई होती. लांजेवारांनी चष्मा पुसेपर्यंत निम्मा वेळ संपे. कोणी ब्राझीलचा निघे, कोणी कुठला, नमस्कार-चमत्कार काही नाही. हरायला लागला की माणूस सरळ निघून जाई आणि लांजेवार त्याच्या उतरत्या घड्याळाकडे बघत बसत. गार्डाला वाट बघायची सवय असते, पण समोरचा सिग्नल कधीतरी पडेल या भरवशावर. इथे तो भरवसा नव्हता. एकदा हरणाऱ्यानं जाता जाता हिंदीतून आईवरून शिवी लिहिली. म्हणजे तो आपल्याच बाजूचा होता तर, एवढंच लांजेवारांना त्यातून कळलं.

मग त्यांना त्याच साइटवर 'राजधानी वॉरियर्स' नावाची मंडळी सापडली. रायपूरचीच पोरं, तीनचारशे जण, दुसऱ्या शहरांतल्या संघांशी सामने खेळायची. आपल्या गावाचं नाव बघून लांजेवार हरखले आणि आत शिरले. दुसऱ्याच सामन्यात त्यांच्याकडे हत्ती आणि उंट होता, समोर राजा आणि एक प्यादं. कोणीही ते प्यादं मारून मोकळा झाला असता. लांजेवारांनी वळसा घेतला. प्यादं मारायला त्यांची बोटंच धजत नव्हती, इतक्या वर्षांचं वळण होतं ते. ते राजामागे हिंडत राहिले आणि प्यादं एकेक घर पुढे सरकत शेवटच्या घरात जाऊन वजीर होऊन बसलं. त्यांचा डाव गेला आणि त्या एका डावानं संघ हरला.

कप्तानानं सगळ्यांच्या देखत लिहिलं, "अंकल, सच बताओ, सामनेवाले से सेटिंग थी क्या?"

लांजेवार एका बोटानं लिहिणारे. त्यांनी उत्तर जुळवायला घेतलं, वडील, तुमसर, बुर्जी, असं सगळं. पाठवायची कळ दाबली तर मोबाइलनं सांगितलं की आपण आता या गटाचे सदस्य नाही.

दुसरा गट शिकलेल्यांचा होता. तिथे व्याख्यानं असत, खेळाच्या शिष्टाचारावर एक लांबलचक पान असे. तिथे लांजेवारांनी एका डॉक्टरला असंच शेवटचं प्यादं राखून मात दिली. डॉक्टरला वाटलं, हा म्हातारा आपल्याला खेळवतोय, उंदराला मांजर खेळवतं तसा. त्यानं तक्रार केली. गटाकडून छापील मजकूर आला की आपलं वर्तन प्रतिस्पर्ध्याचा अवमान करणारं आहे, पुन्हा घडल्यास कारवाई होईल. का केलंत, असं कोणी विचारलं नाही. या खेपेला लांजेवार आपणहून बाहेर पडले.

"झालं तुमचं?" वनमालाबाई म्हणाल्या.

"एकडाव आखरी पाहतो. नाई जमलं तं पट देऊन टाकतो कोनाले. अन् मंग खेळनंच बंद."

वनमालाबाईंनी सुपातून मान वर केली. नवरा हे चिडून बोलत नव्हता, म्हणून त्यांना ते खरं वाटलं. "काहून पन? प्यादं मारून टाकत जा नं. तेवढ्यासाठी येवढं?"

"मारलं तं मंग गंगाधरसंगं खेळलो थो खेळ कोनता होता?" लांजेवार म्हणाले. एवढं मोठं वाक्य ते सहसा बोलत नसत. बोलल्यावर त्यांनी कारण नसताना चष्मा पुसला.

बाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मी काय म्हनतो, तुमी घर पाहून नाई राहिले, नुसता दरवाजा पाहून राहिले. कौमुदीचं स्थळ आपन कशावरून पसंत केलं, याद आहे? त्याहिच्या सुनेच्या हातून कप फुटला. अन् सासूनं पह्यले काय इचारलं? पोळलं तं नाई नं, असं इचारलं. कपाचं नाव नाई काढलं. तवाच मी म्हनलं, इथं द्या पोट्टी."

"मंग?"

"मंग काय? तुमी बी जा अन् पह्यल्याच दिवशी एक कप फोडा. पाहा काय इचारते थे."

लांजेवारांना हे पटलं. बायकोचं पटलं तर ते तोंडानं कबूल करत नसत, उठून पाणी पीत. ते पाणी प्यायले.

कौमुदीनं हपिसात कोणाला तरी विचारून तिसऱ्या गटाचं नाव आणलं. गटाचं नावच 'फुरसत'. पन्नासच्या आतबाहेर माणसं. प्रत्येकाला अर्धा अर्धा तास, आल्यावर नमस्ते म्हणायचं, हरलं तरी सांगून जायचं, एवढेच नियम. सिलतराच्या कारखान्यातला एक क्रेनवाला होता, धमतरीची एक नर्स होती. गट चालवायची ज्योती देवांगन, शाळेत गणित शिकवणारी बाई. छत्तीसगढी माणूस, लिहायची हिंदीत. नव्या माणसाबरोबर पहिला डाव ती स्वतः खेळायची.

त्या डावात लांजेवारांनी ठरवून कप फोडला. जिंकत आल्यावर ज्योतीचं शेवटचं प्यादं त्यांनी समोर आलेलं सोडलं, पुन्हा आलं तेव्हा पुन्हा सोडलं, आणि वळसा घालून मात दिली. मग मोबाइल टेबलावर ठेवून ते वाट बघत बसले. आता शिवी येते की छापील मजकूर येतो, एवढंच बघायचं होतं.

"लांजेवार जी, बहुत अच्छा खेले," ज्योतीनं लिहिलं. "एक बात पूछूँ? वो प्यादा आपने दो बार छोड़ा. क्यों?"

लांजेवारांनी मान वर करून स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथून नुसता फोडणीचा आवाज येत होता. त्यांनी एका बोटानं उत्तर लिहायला घेतलं आणि भाजी होईपर्यंत लिहीत राहिले. वडिलांचं लिहिलं, बुर्जी काय ते लिहिलं, पुरानी बस्तीत माझा मित्र गंगाधर आहे, आम्ही असंच खेळतो, हेही लिहिलं. गंगाधर आता नाही, एवढं मात्र त्यांच्याच्यानं लिहवलं नाही. परक्या बाईला कशाला सांगायचं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"हव, समझ गई," ज्योतीचं उत्तर आलं. "सुंदर नियम है. आप ऐसे ही खेलिए. मैं सबको बता दूँगी."

तिनं सगळ्यांना सांगितलं आणि मंडळींना भलताच चाळा लागला. लांजेवारांशी खेळताना जे शेवटचं प्यादं उरे, त्याला फुरसतमध्ये सगळे 'गंगाधर' म्हणायला लागले. डाव बघायला आलेला क्रेनवाला विचारी, "दादा, गंगाधर ज़िंदा है न अभी?" नर्स लिही, "आज गंगाधर जी कोने में छुपे हैं." पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा लांजेवारांनी मोबाइल पालथा ठेवला. त्या दिवशी त्यांनी दुसरा डाव मांडला नाही. पण चारदोन रविवार गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की त्या चौकशीची आपण वाट बघायला लागलोय. "ज़िंदा है," असं ते लिहीत आणि पुढची चाल खेळत. हे खोटं होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ते आवडत होतं.

होळी झाली. फुरसतची वर्षाची स्पर्धा लागली आणि शेवटच्या रविवारी दुपारी लांजेवारांची गाठ ज्योतीशी पडली. ज्योती जिंकली तर तिचा पहिला नंबर येणार होता. निम्मा गट डाव बघायला जमला होता. ज्योती जोरात खेळली. बघता बघता तिच्याकडे हत्ती आणि घोडा राहिला, आणि लांजेवारांकडे राजा अन् एक प्यादं.

लांजेवारांना वाटलं, आता ती प्यादं उचलेल. ज्योतीनं हत्ती बाजूनं नेला आणि राजाला शह दिला. राजा सरकला. तिनं पुन्हा शह दिला. मग घोडा आणला. प्यादं तिच्या हत्तीच्या तोंडाशी उभं होतं आणि ती वळसा घालत होती. वळणाची सवय नसल्यामुळे ते तिला धड जमतही नव्हतं. शह चुकला की लांजेवार आपल्या बाजूनं प्यादं पुढे ढकलत, दुसरं खेळायला त्यांच्याकडे होतं काय? प्यादं शेवटच्या घरापासून एका घरावर आलं. आता मारलं नाही तर पुढच्या चालीला त्याचा वजीर होणार होता. लांजेवारांनी हा डाव आधी एकदा पाहिला होता, पलीकडच्या बाजूनं.

खेळायची पाळी ज्योतीची होती. तिचं घड्याळ उतरत होतं.

लांजेवारांनी लिहिलं, "ज्योती, प्यादा मारो."

"कैसे मारूँ? गंगाधर जी हैं," तिनं लिहिलं. ती थट्टा करत होती आणि करतही नव्हती.

लांजेवारांचं बोट अक्षरांवर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, "गंगाधर नहीं है. दिवाली के पहले गुज़र गया. मारो."

घड्याळ चालू राहिलं. मग ज्योतीचा हत्ती उचलला गेला आणि प्यादं पटावरून गेलं. राजा एकटा उरला. त्याच्यापाठोपाठ पडद्यावर चौकट आली: ज्योती डाव बरोबरीत सोडवायचं म्हणते आहे, मंजूर? आणि खाली तिनं लिहिलं होतं, "बुर्जी हो गई, दादा."

बरोबरी घेतली असती तर तिचा पहिला नंबर जात होता. गंगाधरनं क्षणात घेतली असती, वर हसला असता. लांजेवार त्या चौकटीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चष्म्यामुळे ते पुसायची पंचाईत झाली होती. मग त्यांनी नाही म्हटलं आणि हार मानायची कळ दाबली.

"नियम तुम्हारे घर का," त्यांनी लिहिलं. "तुम जीती."

कोणी अभिनंदन केलं नाही. मग ज्योतीनं लिहिलं, "दादा, जल्दी तो नहीं है न आपको? कैसे थे गंगाधर जी?"

तिच्याखाली क्रेनवाल्याचं नाव उमटलं, नर्सचं उमटलं, सगळे होते. लांजेवारांनी खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटानं पहिलं वाक्य लिहिलं.

"चाल वापस लेता था."