तळहातावरचं पेट्रोल

उजव्या हाताचं बोट वर गेलं की कुणी बोलायचं नाही, हा मिस्त्रींच्या गॅरेजचा एकमेव नियम होता. डाव्या हातात हातभर लांब स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवलेलं, लाकडी मूठ कानाला लावलेली आणि डोळे मिटलेले. ते बोट खाली येईपर्यंत गिऱ्हाईक, चहावाला आणि मी, सगळे गप्प. मग डोळे उघडून ते म्हणायचे, "आधी आयका, मग बोला."

एकदा रस्त्यावरून लग्नाची वरात चालली होती आणि बँडवाले रंगात आले होते. मिस्त्री बोट वर करून तसेच चालत रस्त्यापर्यंत गेले. जवळपास कुणाकडे मयत झाली असेल असं वाटून बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. नवरदेव घोड्यावर ताटकळत राहिला. मिस्त्रींनी परत येऊन इंजिन सावकाश ऐकलं आणि मग हाताने खूण करून वरातीला जायची परवानगी दिली. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याचं सगळे उगाचच ऐकतात.

मी तेव्हा पनवेलच्या एका सरकारी तंत्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. तिथली प्रयोगशाळा मी एका रिकाम्या खोलीतून उभी केली होती. टेबलांपासून सोल्डरिंगच्या तारेपर्यंत प्रत्येक वस्तूसाठी अर्ज केले होते, भांडले होते. तिची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची आणि खरं सांगते, मंगळसूत्रापेक्षा मला तिचा अभिमान जास्त होता.

त्या प्रयोगशाळेच्या दारात मिस्त्री पहिल्यांदा आले ते चपला बाहेर काढून. उरणकडच्या मिठागरवाल्या घरातला माणूस, जन्म ट्रकांच्या डिझेल इंजिनात गेलेला. न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं तशा कंटेनरमधून अधूनमधून परदेशी गाड्याही उतरायला लागल्या, आणि त्यांतली टर्बोवाली जपानी गाडी बिघडली की ती फिरत फिरत यांच्याकडे यायची. त्यांच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेली एक पत्र्याची पेटी होती.

"बाई, हा गारीचा कंप्युटर. इंजिनाचं समदं मना आयकू येतं. याच्या आतलं काय आयकू येत नाय."

दुखणं सोपं होतं. त्या गाड्या शंभर ऑक्टेनचं पेट्रोल धरून बनवलेल्या. आपल्याकडे मिळायचं सत्त्याऐंशी, आणि मोजक्या पंपांवर त्र्याण्णव. टर्बो हा पंखा इंजिनात हवा दाबून भरतो. त्यात पेट्रोल कमी ऑक्टेनचं, हलकं असलं तर ते वेळेआधी आपोआप पेटतं, इंजिन आतून टकटकतं आणि शेवटी पिस्टन जातो. ठिणगी किती आधी पाडायची याचा आकड्यांचा तक्ता त्या पेटीतल्या चिपमध्ये असतो. मी तो तक्ता वाचला, आकडे आपल्या पेट्रोलला मानवतील असे उतरवले आणि नव्या चिपवर चढवून दिले. लोक तिकडे गाडी पळवण्यासाठी हे उद्योग करतात, आम्ही ती मरू नये म्हणून करायचो.

प्राचार्य म्हणाले होते, "करा हौस असेल तर, पण बाहेरून एक तक्रार आली की किल्ली माझ्याकडे." मी हसून हो म्हटलं होतं.

चारेक वर्षं आमचं हे चाललं. गॅरेज म्हणजे हायवेवरच्या एका पेट्रोलपंपाच्या मागची पत्र्याची शेड. जागा पंपवाल्या शेठची, त्यांच्या मर्जीवर दिलेली. मी गेले की मिस्त्री एक लाकडी स्टूल धुतलेल्या फडक्याने पुसायचे. त्या स्टुलावर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना चालत नसे. गिऱ्हाइकाला सांगायचे, "कान माझा, डोका बाईंचा."

चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. त्यातून अल्ट्राव्हायोलेट दिव्याचा उजेड सोडला की आतलं सगळं पुसलं जातं. नुसत्या कडक उन्हात ठेवली तरी आठवड्याभरात पुसते, म्हणून खिडकीवर काळी पट्टी चिकटवायची. हे मी सांगितलं तेव्हा त्यांना फार गंमत वाटली होती. "आमचा म्हातारा पन उन्हात बसला का समदा इसरतो," म्हणाले. पुढे प्रत्येक चिपची पट्टी ते अंगठ्याने दाबून बघायचे.

आणि एक रिवाज होता. मी आकडे ठरवण्याआधी ते गाडीच्या टाकीतलं थोडं पेट्रोल तळहातावर घ्यायचे आणि फुंकर मारायचे. चोख पेट्रोल बघता बघता उडून जातं, हात कोरडा राहतो. रॉकेल मिसळलेलं असेल तर तेलकट ओल मागे राहते. मग हात माझ्यापुढे धरायचे आणि मी बोट लावून बघायचे. कोरडं असेल तर त्र्याण्णवचे आकडे, नाहीतर गाडी परत. "पेट्रोलची जबाबदारी माझी," असं ते दर वेळी म्हणायचे.

त्या दिवशी एका बोटीवरच्या कॅप्टनसाहेबांची लाल गाडी होती. टाकी सकाळीच शेठच्याच पंपावर भरलेली. शेठ स्वतः कौतुकाने गाडीपाशी उभे होते. मिस्त्रींनी पेट्रोल हातावर घेतलं, फुंकर मारली, आणि तळहात पँटीला पुसत म्हणाले, "कोरडा हाय, बाई."

हात माझ्यापुढे आला नाही. हे मला दिसलं होतं. पण चार वर्षांत त्यांच्या शब्दाला बोट लावून बघायची गरज पडली नव्हती, त्या दिवशीही मला ती वाटली नाही. मी त्र्याण्णवचे आकडे चढवले.

दोन दिवसांनी गाडी खोपोलीच्या अलीकडून टो करून आणली. पिस्टनला बोटभर भोक पडलं होतं. कॅप्टनसाहेब संतापलेले, शेठ खुर्चीत बसलेले. चूक कुणाची, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी निवांत होते. मिस्त्री आता सांगतील, असं मला वाटत होतं.

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "इंजिनाचं मना इचारा, साहेब. त्या पेटीतलं मना काय कललं नाय. ते बाईंचं काम."

कॅप्टनसाहेब म्हणाले, "मग चिप द्या. मुंबईत तपासून घेतो."

"ती जलली. फेकून दिली."

मी गाडीपाशी गेले, नळी घालून टाकीतलं पेट्रोल काढलं आणि माझ्या तळहातावर घेतलं. फुंकर मारली. परत मारली. ओल तशीच राहिली, रॉकेलचा वास आला. मी तो हात मिस्त्रींसमोर धरला, ते माझ्यासमोर धरायचे तसाच. शेठ बघत होते. मिस्त्रींनी हाताकडे बघितलं, मग शेडच्या पत्र्याकडे.

"हात धुवा, बाई," ते म्हणाले.

तक्रार आली. सरकारी यंत्रावर बाहेरची कामं करून लोकांच्या गाड्या बिघडवते, असं तिच्यात लिहिलं होतं. प्राचार्यांनी किल्ली मागितली, मी दिली. पुढची नऊ वर्षं मी त्याच इमारतीत, त्या खोलीच्या दारावरून जाऊन, फळ्यावर सर्किटं काढून शिकवलं.

मिस्त्री शेठसमोर खरं बोलले असते तर त्यांची शेड गेली असती, हे मला कळत नाही असं नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं. पण इंजिनाच्या आतलं ऐकू येणाऱ्या माणसाला शेजारी उभ्या बाईचं काय होतंय ते ऐकू आलं नाही, हे मी माफ केलेलं नाही. रस्त्यात दोनदा दिसले. दोन्ही वेळा मी पलीकडच्या फुटपाथला गेले.

मिस्त्री गेल्याचं मला त्यांच्या बायकोकडून कळलं. वहिनी घरी आल्या, चहाला नको म्हणाल्या, आणि पिशवीतून तंबाखूची एक डबी काढली. "ही बाईंनाच द्या, दुसऱ्या कुनाला नाय, असा बोलून गेले."

डबीत कापूस होता आणि कापसात ती चिप. जळलेली नव्हती, साधी काळवंडलेलीही नव्हती. खिडकीवरची पट्टी नवीन होती. जुनी सैल झाल्यावर त्यांनी कधीतरी बदलली असणार, अंगठ्याने दाबून बघितली असणार.

एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात मी ती वाचून घेतली. वहीतल्या माझ्या आकड्यांशी एकेक आकडा लावून बघितला. सगळे जिथल्या तिथे होते. माझी काही चूक नव्हती, हे सांगणारी एकच वस्तू या माणसाने आधी लपवली आणि मग इतकी वर्षं जिवापाड सांभाळली. मला सांभाळायला मात्र एक वाक्य पुरलं असतं.

घरी येऊन मी पट्टी ओरबाडून काढली आणि चिप उन्हाच्या खिडकीत ठेवून दिली. आठवडा लागतो, मला माहीत होतं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडता निवडता उठले, चिप आत आणली, नवी काळी पट्टी कापून तिच्या काचेवर लावली आणि अंगठ्याने दाबून बघितली.

आत किती शिल्लक आहे ते मी अजून वाचून बघितलेलं नाही.