टाकीचं विरजण

आमगावच्या घरी मी माशांची टाकी घेतली, पण मासे आणले नाहीत. नुसत्या पाण्यात साबण-अत्तर नसलेल्या, साफसफाईच्या अमोनियाचे थेंब टाकत राहिलो. माशांच्या घाणीतूनही हाच विषारी अमोनिया तयार होतो; तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढले, की मगच मासे सोडायचे होते. स्पंज छान तपकिरी, बुळबुळीत झाला आणि दिवाळीच्या साफसफाईत आईने तो साबण लावून धुतला.

मी भडकलो. "वो माय, ते विरजण होतं त्याचं!"

"मंग विरजण शेजारून मागून आणतेत," आई म्हणाली. "इतके दिवस घरात मुताचा वास काऊन?"

गोंदियात रंगीत मासे विकणाऱ्याने आपल्या जुन्या टाकीतल्या घाण स्पंजाचा तुकडा दिला. आईने तो स्वतः फिल्टरात ठेवला आणि मलाच बजावलं, "आता याले हात नोको लावू."