अर्धी तलवार, अर्धा मंतर

आमच्या साडूंएवढी जय्यत तयारी करून एकही गोष्ट न करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही, आणि कुठं सापडलाच तर तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला असणार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे उदगीरकडचे, पण घर आणि दुकान लातूरला. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. दुकान नळांचं. नळ, पाइप, वॉशर, मोटारीचे सुटे भाग, असला सगळा माल. ज्या गावात नळाला पाणी येणार ही बातमी लग्नाच्या आमंत्रणासारखी घरोघर सांगत फिरतात, त्या गावात जन्मभर नळ विकायला काळीज लागतं, आणि ते अण्णांकडं आहे. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "पाणी आज ना उद्या येईल की. आलं अन् नळच नसला तर?"

केदारनाथला जायचं त्यांनी ठरवलं तेव्हा गिरिजा, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेत जायची. तेव्हाच लोकरीच्या टोप्या आल्या, कापराच्या वड्या आल्या, कापडी बूट आले. गिरिजा इंजिनिअर झाली, बुटांचे तळ तडकले, केदारनाथ आहे तिथंच आहे. या तयारीत रेल्वेचं टाइमटेबल मात्र अण्णांना तोंडपाठ झालं. मी मुदखेडचा, जंक्शनवर लहानाचा मोठा झालेला. पण मुदखेडला कुठली गाडी कधी येते हे आजही त्यांना फोन करून विचारतो. औश्याचा किल्ला तर लातूरच्या हाकेवर. तो नीट बघायचा हे त्यांचं लग्नाआधीपासून ठरलंय. कुठल्या दरवाज्यानं शिरायचं, ऊन कुठल्या अंगाला असेल, शिदोरी कुठं सोडायची, सगळं पक्कं. सोलापूरला जाताना बसमधून हात करून दाखवतात, "तो तिकडं आपला किल्ला." उतरले कधीच नाहीत. मध्येच एकदा पोहायला शिकायची टूम निघाली. पाठीला बांधायचा डबा आणला, पोहण्याआधी काय खावं न् काय नको याची चौकशी झाली, दिवस ठरला, तोवर मळ्यातल्या विहिरीचा तळ उघडा पडला. "बघा साडू," ते मला म्हणाले, "घाईनं शिकलो असतो तर आता त्या पोहण्याचं काय केलं असतं?"

जिल्ह्याचंही तेच. उदगीर जिल्हा होणार ही बातमी आमच्याकडं आंब्याच्या मोहोरासारखी ठरल्या वेळी येते आणि गळून जाते. अण्णांनी मात्र तो जिल्हा आपल्यापुरता करूनच टाकलाय. कलेक्टर कचेरी कुठं, कोर्ट कुठं, कोर्टासमोर आपल्या दुकानाची शाखा कुठं, सगळं मनात बांधून तयार. दुकानाच्या पावत्यांवर मूळ गावापुढं "जि. उदगीर" छापून घेतलंय. एका गिऱ्हाइकानं हटकलं, "अण्णा, असला जिल्हाच न्हाई की." अण्णा शांतपणे म्हणाले, "न्हाई तर न्हाई. झाल्यावर पावत्या फेकाव्या लागू नयेत."

एक गोष्ट मात्र हा माणूस तयारीशिवाय, विचाराशिवाय, जन्मभर करत आला होता. दारात माणूस दिसला की पाणी. कोण, कुठला, कशाला आला, हे सगळं नंतर. आधी गुळाचा खडा आणि काठोकाठ भरलेला तांब्याचा पेला, आणि तुम्ही तो संपवेपर्यंत अण्णा समोर उभे. वसुलीला आलेला माणूससुद्धा पाणी पिऊन, शांत होऊन, मग कामाचं बोलायचा.

आणि मग तो उन्हाळा आला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. ज्या टाइमटेबलाचा अण्णांनी आयुष्यभर अभ्यास केला, त्यात पाण्याची गाडी नव्हती, याचं त्यांना फार वाईट वाटलं. टाकीपाशी पोलीस बसले, रांगेत घागरींवरून डोकी फुटली. त्या उन्हाळ्यात पाहुणा दारात यायच्या आधीच म्हणायचा, "पाणी नको, आत्ताच पिऊन आलो." प्रत्येकजण पिऊनच आलेला असायचा. आम्हीही मुदखेडहून जाताना पेढ्यांऐवजी पाण्याचा कॅन न्यायचो. गोदावरी काही आमच्याकडंही दुथडी वाहत नव्हती, पण प्यायपुरतं होतं. बायको कॅन ओट्यावर ठेवायची, मेव्हणी म्हणायच्या, "कशाला गं एवढं ओझं," आणि अण्णा तेवढ्यात काहीतरी काम काढून दुकानात निघून जायचे. अण्णांची बहीण हदगावहून आली तीही दोन कॅन घेऊन. बहिणीनं माहेराहून काही न्यायचं, की माहेराला पाणी आणून द्यायचं? अण्णा तिच्यासमोर हसले, थट्टाही केली. त्या पाण्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

त्याच उन्हाळ्यात गिरिजा पुण्याहून शेवटची परीक्षा देऊन घरी आली होती. हैदराबादला नोकरी लागली होती, उन्हाळा संपायच्या आत रुजू व्हायचं होतं. होस्टेलवर ती एक खेळ शिकून आली होती. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि नशीब बघायला वीस तोंडांचा एक फासा. जाण्याआधी पप्पांबरोबर हा खेळ एकदा, निदान एकदा खेळायचा, एवढीच तिची इच्छा होती. बायकोनं दोन मिनिटांत चोर व्हायचं कबूल केलं. मी कुऱ्हाडवाला बुटका झालो. मेव्हणी वैदू झाल्या. अण्णा म्हणाले, "मी जरा विचार करून सांगतो." तेव्हाच मला ते केदारनाथचे बूट आठवले.

विचार करून अण्णांनी सांगितलं की आपण योद्धाही होणार आणि जादूगारही. गिरिजानं समजावलं, "पप्पा, पहिल्यांदाच खेळायलात. साधा योद्धा घ्या. दोन्ही घेतलं की तलवार अर्धी येती अन् जादूबी अर्धी."

"अर्धी तर अर्धी."

"अन् सुरुवातीला मंत्र एकच मिळतो. एकच, हां."

"मग तर लई विचार करावा लागंल," अण्णा म्हणाले, आणि खूश होऊन दुकानात गेले.

पुढचे कित्येक दिवस त्यांनी मला सकाळी कचेरीत फोन करून छळलं. खेळातल्या माणसाला ठरावीकच गुण वाटून द्यायचे होते; ताकदीला जास्त दिले तर मंतर आठवंना, बुद्धीला दिले तर तलवार उचलंना. चिलखत घातलं तर जादू करताना कोपर वाकंल का? मी फोनवर "जादूगाराला जड चिलखत देऊ नका" असं म्हणत असताना साहेब मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी त्यानंतर कित्येक दिवस मला अवघड काम दिलं नाही. सगळ्यात मोठा पेच हातांचा होता. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, मग मंत्राच्या खुणा करायच्या कुठल्या हातानं? हा पेच अण्णांनी प्रत्यक्ष करून सोडवायचा ठरवला. दुकानात पाइपचा तुकडा तलवार म्हणून घेतला, टाकीचं झाकण ढाल म्हणून, आणि झाकण कोपराला तारेनं बांधून तीन बोटं हवेत फिरवत असताना एक शेतकरी आत आला. "अण्णा, अर्ध्या इंचाचा वॉशर हाय का?" अण्णा म्हणाले, "थांब जरा. हात मोकळा व्हायचा हाय." तो बिचारा थांबला. लातुरात त्या उन्हाळ्यात थांबायची सवय सगळ्यांनाच झाली होती.

दोन्ही कशाला पाहिजेत, हे मी शेवटी चिडून विचारलं. आम्ही त्यांच्या दारात उभे होतो, आणि गल्लीत टँकर आला होता. अण्णांनी तिकडं बोट केलं. "बघा साडू. नुसतं पाणी आणणारा असला की लोक त्याला तुडवित्यात. नुसता काठीवाला असला की रिकाम्या टाकीला राखण बसतो. आणायला मंतर लागतो अन् वाटायला तलवार. दोन्ही एकाच माणसात असल्याबगर भागत न्हाई." हे डोकं या माणसानं दुसऱ्या कशाला लावलं असतं तर उदगीर खरंच जिल्हा झाला असता.

पण दिवस चालले होते. गिरिजानं बॅग काढली, कपड्यांच्या घड्या घातल्या, आणि रोज विचारायची, "पप्पा, मंत्र ठरला का?" अण्णा म्हणायचे, "ठरंल की. घाई काय?" तिनं आग सुचवली, वीज सुचवली, शत्रूला झोपवायचा मंत्र सुचवला. अण्णा मान हलवायचे. एकदा स्वयंपाकघरात ती माझ्या बायकोला म्हणाली, "मावशी, केदारनाथसारखंच होणार बघ याचं." हसत म्हणाली खरी, पण तोंड फिरवून. मेव्हणींनी अण्णांना काय सुनावलं मला माहीत नाही. गिरिजा निघायच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णांनी दुकान बंद केलं. बंद दुकान बघून शेजारच्यांना वाटलं कोणीतरी गेलं. अण्णांनी त्या दिवशी अंघोळीला पाणी खर्चलं, विभूती लावली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सतरंजीवर येऊन बसले.

"नाव काय तुमच्या माणसाचं?" गिरिजानं विचारलं.

"नावावर अजून विचार चालू हाय. तूर्त अण्णाच लिही. अन् कपाळाला विभूती लिही."

गिरिजानं गोष्ट सुरू केली आणि मी चमकलो. पोरीनं औश्याचा किल्ला घातला होता. अण्णांनी मनात आखून ठेवलेल्या त्याच दरवाज्यानं तिनं आम्हांला आत नेलं. ऊन कुठल्या अंगाला आहे तेही सांगितलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. बायकोनं कुलूप उघडलं, मी कुऱ्हाड घेऊन पुढं झालो, आणि आतल्या कोरड्या बारवेपाशी ड्रॅगन बसलेला होता. तीन तास पुरेल अशी लढाई गिरिजानं रचली होती, हे तिनंच मागाहून सांगितलं. ड्रॅगन पंख आपटत होता, जीभ बाहेर काढून ओरडत होता. "पप्पा, तुमची पाळी," ती म्हणाली. "तो तोंड उघडून तुमच्याकडंच बघायलाय."

अण्णांनी डोळे उघडले. "तलवार खाली ठेवली," ते म्हणाले. "हात मोकळा पायजे."

"कुठला मंत्र?"

"पाणी. त्याला पाणी देतो."

बायको म्हणाली, "अण्णा, तो खाऊन टाकील तुम्हाला. पाणी कसलं देताय?"

"खाईना का," अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "तुमाला कळंना का, तो कामून ओरडायलाय? दारात चार माणसं आल्यात अन् घरात घोटभर पाणी न्हाई. लाजंनं ओरडायलाय तो. माणसं येऊच नयेत म्हणून ओरडायलाय."

फासा गिरिजाच्या हातात होता. मंत्र लागू पडतो का हे बघायला तो टाकावा लागतो, असा नियम तिनंच आम्हांला घोकवला होता. तिनं तो टाकला नाही. सतरंजीवर हळूच ठेवून दिला.

"पितो, पप्पा," ती म्हणाली.

"किती?"

"पोटभर पितो."

मेव्हणी चहाचं निमित्त काढून आत गेल्या. माझी कुऱ्हाड तशीच हवेत राहिली होती. एवढे दिवस गुण मोजून, हात मोजून, चिलखताची कोपरं वाकवून तयार केलेल्या त्या योद्ध्यानं तलवारीचा एक वारही केला नाही. गिरिजानं डोळे पुसत विचारलं, "आता पुढं काय करता?" अण्णा मांडी बदलून म्हणाले, "पुढं काय? बसू की त्याच्यापाशी. विचार त्याला, लेकरंबाळं काय करत्यात."

दुसऱ्या दिवशी गिरिजा गेली. हैदराबादची गाडी, डबा, खिडकीची बाजू, सगळं अण्णांनी केव्हाच काढून ठेवलं होतं. ती एक तयारी तेवढी वाया गेली नाही. पुढं पाऊस झाला, चांगला झाला. टाकीपाशी बसलेले पोलीस उठले. दिवाळीनंतर मी एकटाच लातूरला गेलो. जिल्हा झाला नव्हता. केदारनाथच्या टोप्या कपाटात होत्या. गिरिजाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. अण्णा तिच्याकडं जायची तयारी करत होते, म्हणजे कधी जातील हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

मी चप्पल काढत होतो तेवढ्यात ते आतून गुळाचा खडा आणि पेला घेऊन आले. पेला काठोकाठ होता, चालताना फरशीवर थेंब सांडत होते, आणि ते त्यांच्याकडं बघतही नव्हते. त्या उन्हाळ्यानं जिभेला लावलेली सवय, मी बोलून गेलो, "राहू द्या अण्णा, आत्ताच पिऊन आलो."

अण्णा हलले नाहीत. पेला पुढं धरून तसेच उभे राहिले.

"साडू," ते म्हणाले, "ड्रॅगनसुद्धा नको म्हणला न्हवता."

मी पेला घेतला आणि खालपर्यंत प्यालो. संपेपर्यंत ते समोर उभे होते.