वीरधवलनं गाडीसाठी लावलेला कौल

आमच्या शिराळ्याच्या वीरधवलला धड चाललेली वस्तू बघवत नाही. पंखा नीट फिरत असला तरी हा खोलून बघणार. चुलतभाऊ आहे म्हणून हक्कानं बोलतो, हाताला खाज घेऊनच जन्मलाय. गेल्या वर्षी डिझेल गाडी घेतली आणि लगेच तिला उघडा एअर फिल्टर आणि रुंद सायलेन्सर बसवला. आवाज वाढला, पण गाडी काही पळेना.

मग माधवनगरच्या अरिहंतकडे फेऱ्या सुरू झाल्या. इंजिनाचं ट्यूनिंग हा त्याचा धंदा. त्यानं दोन रस्ते सांगितले. तयार फाइल गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायची, की गाडी लगेच सुसाट. नाहीतर गाडी जागच्या जागी चाकं फिरवणाऱ्या रोलरवर चढवून, थोडं थोडं बदलत, मालकाला हवी तशी जुळवून घ्यायची. त्याला वेळ लागतो.

"पर आदी सांग गड्या, गाडीत बसणार कोण?" अरिहंतनं विचारलं.

"मीच की! आनि कोण?"

खरं तर साळूबाईकाकी, त्याची आई, दर महिन्याला त्याच गाडीतून सांगलीला जायची, डोळ्यात इंजेक्शन घ्यायला. चुकवलं तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

वीरधवलचं काही ठरेना. जेवतानाही मोबाइलवर इंजिनं, आज फाइल, उद्या रोलर. माझं डोकं उठलं. शेवटी सोयरीक अडली की आमच्याकडे करतात तेच त्यानं केलं, ग्रामदेवाला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर फाइल, डावं पडलं तर रोलर. काकी शेजारी हात जोडून उभी होती. उजवं पडलं.

आता पाय टेकवला की गाडी उसळी मारायची. वीरधवल खूश. काकी एकदा त्या गाडीतून जाऊन आली आणि पुढच्या महिन्यात म्हणाली, "गुडघं दुखत्यात, जाऊ कवातरी." त्याच्या पुढच्या महिन्यात पाहुणे आडवे आले. मग एका सकाळी तिनं चहा कपाच्या बाहेर ओतला.

"इंजेक्शन का बुडवलंस, आये?" वीरधवल ओरडलाच.

"गाडी हिसकं देती रं. पोटात कालवतंय. लय भ्या वाटतं."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"देवानं दिल्याला कौल. त्येच्यावर मी काय बोलू?"

मला दोघांचाही राग आला. देव काय गाडीत बसून सांगलीला जाणार होता?

त्याच दिवशी माझ्या गाडीतून आम्ही दोघांनी तिला सांगलीला नेलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. तिथून वीरधवल तडक अरिहंतकडे गेला. "लागंल तेवढा वेळ घे," म्हणाला. "गाडीत आये बसणार हाय."

पुढच्या महिन्यात काकी पुढं बसली, मी मागं. गाडी इतकी मऊ चालली, की तिनं वाटेत डुलकी काढली. थांबल्यावर जागी झाली.

"आता हिसका न्हाई बग," ती हसून म्हणाली. "सांगली आली का रं?"

दवाखान्याची भली मोठी पाटी अगदी तिच्या समोर होती.

"आली, आये," वीरधवल म्हणाला आणि स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला.